नोंदवहीचा पहिला रकाना

समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांच्या क्षेत्रकार्याच्या नोंदवह्या तपासण्याचे काम मी काही वर्षे करीत होतो. शेकडो नोंदवह्या नजरेखालून गेल्या आणि बहुतेक विसरूनही गेलो. दोन मात्र विसरलो नाही, कारण त्या एकाच घराविषयी होत्या. साक्री तालुक्यातील एका गावाच्या कडेची भिलाटी म्हणजे भिल्लांची वस्ती, होळीचे दिवस, गुजरातेतल्या ऊसतोडीवरून नुकतेच परतलेले जोडपे, त्यांची तीन मुले. त्यांतले धाकटे दीड वर्षाचे, आणि अंगणवाडी सेविकेने त्याच्या दंडाभोवती पट्टी गुंडाळली तेव्हा ती लाल रंगावर थांबलेली. दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत भरला की मूल तीव्र कुपोषित, म्हणजे सेविकेच्या भाषेत ‘सॅम’, ठरते.

पहिल्या विद्यार्थ्याने छापील नमुन्याबरहुकूम लिहिले होते. मातेचे शिक्षण: निरक्षर. वडिलांचे व्यसन: आहे. कर्ज: आहे. समस्येचे कारण: मातेचे आहाराविषयीचे अज्ञान, दोन अपत्यांतील अपुरे अंतर, स्वच्छतेचा अभाव. उपाय: समुपदेशन व आरोग्यशिक्षण. अक्षर सुरेख, एकही रकाना रिकामा नाही. दुसऱ्याने नमुना बाजूला सारून पाच पाने लिहिली होती. त्यांत मजुरांची टोळी नेणारा मुकादम होता, त्याच्याकडून हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम म्हणजे उचल होती, नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरण्याची पद्धत होती, साखर कारखान्यांचे अर्थकारण होते, आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनींचा इतिहास होता आणि यांतले काहीही खोटे नव्हते. फक्त त्या पाच पानांत मुलाचा दंडघेर कुठेच नव्हता. मुलाचे नावही एकदाच आले होते आणि तेही चुकीचे होते.

बाप एकच वाक्य दोघांशी बोलला होता: “भाऊ, आजून उचल फिटनी नही.” पहिल्याच्या नोंदवहीत त्याचे ‘कर्ज: आहे’ एवढेच झाले आणि दुसऱ्याच्या नोंदवहीत ते अहवालाचे शीर्षक झाले.

दोघेही कष्टाळू होते, दोघेही त्या घरात तास-दीड तास बसले होते आणि दोघांनाही त्या मुलाविषयी कळवळा होता. तरीही एकाला आई दिसली आणि ऊस दिसला नाही, दुसऱ्याला ऊस दिसला आणि मूल दिसले नाही. माझे म्हणणे असे की हा फरक निरीक्षणशक्तीचा नाही. काय दिसणार हे ते दोघे भिलाटीत पाऊल टाकण्याआधीच ठरले होते, आणि ते ठरवणाऱ्या गोष्टीलाच आपण सिद्धांत म्हणतो. पुस्तकात वाचलेला असो, घरातून आलेला असो किंवा छापील नमुन्यातून नकळत अंगात भिनलेला असो, तो आधी प्रश्न निवडतो, मग उत्तर, आणि शेवटी बदलायचे कुणी हे ठरवतो. हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्रत्येक सिद्धांताला एवढे विचारावे की तुझ्या हिशेबाने बदलायचे कुणी? आईने, मुकादमाने, सरकारने, की समाजकार्यकर्त्याने स्वतः?

खानदेशात संस्थांमध्ये काम करणाऱ्या अनुभवी मंडळींकडून याला एक ठरलेले उत्तर मिळते. “सर, सिद्धांत वर्गात ठेवा, इथे पोराला चौदा दिवस पोषण पुनर्वसन केंद्रात कसे ठेवायचे आणि तेवढे दिवस आईची मजुरी कशी भरून काढायची हा प्रश्न आहे.” या उत्तराबद्दल मला आदर आहे. ज्याने रात्री अकरा वाजता घाटातून रुग्णवाहिका मागवली आहे त्याला पुस्तकी बोल ऐकवण्याचा अधिकार मला नाही. पण आपल्याला सिद्धांत नाही असे जो म्हणतो त्याच्याकडे तो असतोच. फक्त तो त्याने निवडलेला नसतो, दुसऱ्या कुणीतरी नमुना छापताना त्याच्यासाठी निवडलेला असतो. ‘मातेचे शिक्षण’ हा रकाना आहे आणि ‘गेल्या वर्षी हे घर किती महिने बंद होते’ हा रकाना नाही, यात एक संपूर्ण विश्वदृष्टी दडलेली आहे. दारिद्र्य हे माणसाच्या आत असते, ते त्याच्या सवयींत आणि अज्ञानात असते, म्हणून दुरुस्ती तिथेच करायची, अशी ती दृष्टी आहे. ती कुणी मोठ्याने उच्चारत नाही आणि म्हणूनच तिच्याशी कुणी वादही घालत नाही.

ही दृष्टी कुठून आली हे सांगता येते. अमेरिकेत मेरी रिचमंड यांनी १९१७ मध्ये ‘सामाजिक निदान’ ही कल्पना ग्रंथरूपाने मांडली आणि डॉक्टर जसा रोगी तपासतो तशी गरजू व्यक्तीची व तिच्या परिस्थितीची पद्धतशीर तपासणी करावी असा आग्रह धरला. पुराव्यावर बोट ठेवून बोलण्याची शिस्त या धंद्याला त्यांनी लावली हे त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. पुढे फ्रॉइडच्या मानसशास्त्राचा प्रभाव वाढला आणि तपासणीतली ‘परिस्थिती’ आकसत गेली, ‘व्यक्ती’ तेवढी उरली. आपल्याकडे नागपाड्याच्या वस्तीत काम करणाऱ्या क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन मिशनऱ्याच्या पुढाकाराने १९३६ मध्ये मुंबईत समाजकार्याची पहिली व्यावसायिक शाळा निघाली, तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. तेथून ‘केस’, ‘निदान’, ‘उपचार’ हे शब्द मराठीत ‘व्यक्तिसहयोग कार्य’ होऊन पसरले. औद्योगिक शहरात एकटी पडलेली माणसे समोर ठेवून घडलेली ही हत्यारे होती. खानदेशातली भिलाटी शहरासारखी एकट्यांची नाही. तिथे मूल आजारी पडले तर निर्णय आई-बाप, आजी, भगत, जावयाकडची माणसे असे सात-आठ जण मिळून घेतात आणि त्यांच्यापैकी एकालाच खुर्चीवर बसवून ‘समुपदेशन’ करणे म्हणजे पंचायतीच्या एका सदस्याशी बोलून ठराव मंजूर झाला असे समजणे होय.

पण दोष केवळ परदेशी पुस्तकांचा आहे असे मानून मोकळे होता येणार नाही. खानदेशात बाहेरच्या माणसाने आदिवासींना ‘सुधारण्या’चा उद्योग विद्यापीठीय समाजकार्याच्या शंभर वर्षे आधी सुरू झाला होता. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या हाती आला आणि सातपुडा व सातमाळ्यातील भिल्लांच्या उठावांनी त्यांना जेरीस आणले. लष्करी मोहिमांनी भागेना, तेव्हा १८२५ मध्ये भिल्ल एजन्सी स्थापन झाली आणि जेम्स औट्रॅम याने धरणगाव येथे भिल्ल पलटण उभारायला घेतली. एजन्सीने गुन्हे माफ केले, बैल-बियाण्यासाठी तगाई दिली, डोंगरातल्या माणसांना खाली आणून नांगराला जुंपले. आजच्या भाषेत सांगायचे तर पुनर्वसन, उपजीविका आणि कौशल्यविकास हे तिन्ही कार्यक्रम त्यात होते. त्यामागचा विचारही स्पष्ट होता: फिरता माणूस धोकादायक, स्थिर शेतकरी चांगला. जंगल कुणाचे हा प्रश्न त्या चौकटीत उठूच शकत नव्हता. ‘फिरता तो संशयित’ हा तोच विचार १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात जन्मावरून गुन्हेगार ठरवण्यापर्यंत गेला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण पारध्यांच्या पालावर आजही आधी पोलीस पोहोचतात आणि शाळा नंतर.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर याच प्रश्नावर झालेला वाद आपल्या वर्गांत फारसा शिकवला जात नाही, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे. मध्य प्रांतातल्या बैगा व गोंडांमध्ये राहणारे व्हेरिअर एल्विन म्हणत होते की बाहेरच्यांच्या स्पर्शाने आदिवासी मोडतो, म्हणून त्याला काही काळ जपून ठेवा. मुंबई विद्यापीठातले गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९४३ मध्ये उलट बाजू मांडली: हे लोक वेगळे नाहीत, ते मागासलेले हिंदू आहेत आणि मिसळून जाणे हाच त्यांच्या भल्याचा मार्ग आहे. १९२२ मध्ये दाहोदला भिल्ल सेवा मंडळ काढणारे ठक्करबाप्पा आश्रमशाळा, दवाखाना आणि नशाबंदी या सेवेच्या वाटेने चालले होते. हे तिघेही सद्भावनेचे आणि झिजलेले लोक. तरीही एल्विनच्या शाळेत मूल आपल्या बोलीत नाचेल, ठक्करबाप्पांच्या शाळेत ते प्रार्थना म्हणून सूत कातेल आणि घुर्यांच्या मते त्याला वेगळी शाळा कशाला हाच प्रश्न. नंदुरबार जिल्ह्यातली कोणतीही आश्रमशाळा पाहा. तिच्या दिनदर्शिकेत हे तिन्ही विचार एकमेकांना न विचारता नांदताना दिसतील.

या सगळ्याचा कस कुठे लागतो हे पाहायचे तर दारूचा प्रश्न घ्यावा. एकाच तळोदा-शहादा परिसरात, गेल्या दीडशे वर्षांत, एकाच मोहाच्या दारूकडे किती प्रकारे पाहिले गेले याचा विचार केला की सिद्धांत म्हणजे हवेतली गोष्ट नव्हे हे समजते.

आदिवासी घरात मोहाची दारू जन्माला, लग्नाला, मरणाला लागते. पिण्याआधी तिचे थेंब जमिनीवर देवाला आणि पूर्वजांना सोडतात. तिथे ती व्यसन नसते, नात्याची साक्ष असते. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरी दारू गाळणे गुन्हा ठरवले आणि सरकारी परवान्याच्या दुकानातून विकत घेऊन पिणे कायदेशीर ठरवले. इथे दृष्टी महसुलाची होती. त्या कायद्याने पिणे थांबले नाही. दुकानदाराकडे उधारी वाढली आणि उधारीमागोमाग जमीन गेली. १९२२ मध्ये दक्षिण गुजरातेतून खानदेशात आलेल्या ‘देवी’च्या लाटेत माणसे अंगात येऊन सांगत होती की दारू सोडा, स्वच्छ राहा. पुढे १९३८ च्या सुमारास तळोदा भागातल्या मोरवडचे गुलाम महाराज यांनी आरती, आंघोळ आणि दारूत्याग यांचा ‘आप’ पंथ उभा केला आणि त्यांच्यामागे एवढा जनसमुदाय लोटला की सरकार अस्वस्थ झाले. वरवर हा धर्मसुधारणेचा कार्यक्रम होता. पण दारू सुटली म्हणजे दुकानदाराची उधारी सुटली, हा हिशेब त्यात होताच. कोणाही पगारी समुपदेशकाने इतक्या लोकांची दारू कधी सोडवलेली नाही, आणि गुलाम महाराजांकडे व्यसनाचा कोणताही वैद्यकीय सिद्धांत नव्हता. त्यांच्याकडे होती ती प्रतिष्ठा: आपण हलके लोक नाही, आपण वेगळ्या रीतीने उभे राहू शकतो, ही भावना.

त्यानंतर शहादा. सर्वोदयाच्या कामातून आलेले, भजने गात गावोगाव फिरणारे अंबरसिंग सुरतवंती हे स्वतः भिल्ल समाजातले. १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली, बाहेरून आलेले शिकलेले तरुण तिच्यात सामील झाले आणि गेलेल्या जमिनी व मजुरीचे दर हे तिचे प्रश्न होते. अशा वेळी भिल्ल बायकांनी शिबिरात दारूचा आणि मारहाणीचा विषय काढला, गावोगाव मोर्चे नेले, गुत्ते फोडले आणि बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला चव्हाट्यावर आणले. संघटनेच्या मूळ सिद्धांतात दारू हा दुय्यम मुद्दा होता. जमीनदार हटला की बाकीचे सुटेल असे ते गणित. बायकांनी ते गणित रात्रीच्या माराच्या हिशेबाने दुरुस्त केले. मला यातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट ही वाटते की तो सिद्धांत दुरुस्त होण्याइतका लवचीक होता. ज्या संघटनांनी असा प्रश्न ‘आधी वर्गलढा, मग हे’ म्हणून दाबला त्यांच्या सभांत बायका मागच्या रांगेत गेल्या आणि मग येईनाशा झाल्या.

आज त्याच भागात व्यसनमुक्तीचे फलक लागतात, दारू हा आजार आहे असे सांगितले जाते. आजार म्हटल्याने पिणाऱ्याची हेटाळणी कमी होते हे खरे आणि ते मोलाचे आहे. पण आजाराला महसूल नसतो, परवाना नसतो, दुकानदार नसतो. एका बाजूला सरकारचा एक विभाग परवाने देतो, दुसऱ्या बाजूला दुसरा विभाग समुपदेशक नेमतो, आणि गावातल्या बायका दारूबंदीच्या ‘आडवी बाटली’साठी मतदान मागत तहसीलीच्या पायऱ्या झिजवतात. समाजकार्याच्या विद्यार्थ्याला यांपैकी कुठे उभे करायचे? बहुतेक संस्था त्याला फलकाशेजारी उभे करतात, कारण तिथे फोटो चांगला येतो.

सिद्धांतांच्या वर्गीकरणाविषयी इथे थोडेच बोलतो. १९७९ मध्ये बरेल आणि मॉर्गन यांनी समाजाकडे पाहण्याच्या दृष्टींचे चार चौकोन मांडले. समाज मुळात ठीक आहे, फक्त बिघाड दुरुस्त करायचा, की समाजाची रचनाच अन्याय्य आहे, हा एक अक्ष. माणसाच्या जगाचा बाहेरून वस्तुनिष्ठ अभ्यास करता येतो, की ते जग त्याच्याच अर्थांतून समजून घ्यावे लागते, हा दुसरा. आमचे विद्यार्थी परीक्षेत ही आकृती मोजपट्टीने सुबक काढतात आणि चारही चौकोनांत उदाहरणे लिहितात. त्या चौकोनांपैकी एकात आपण स्वतः बसलेलो आहोत हे मात्र कुणी लिहीत नाही.

आता नमुन्यांकडे परत येऊ, कारण माझ्या मते सिद्धांत ग्रंथांपेक्षा नमुन्यांत जास्त काळ जगतो. जळगाव-धुळ्याच्या कापूसपट्ट्यात शेतकऱ्याने आत्महत्या केली की तलाठ्यापासून चौकशी सुरू होते आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे प्रकरण ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ ठरते. पात्र ठरल्यास २००६ पासूनच्या धोरणानुसार एक लाखाची मदत: तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. निकष तीन आहेत, नापिकी, कर्जबाजारीपणा आणि वसुलीचा तगादा. कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे हवे. बटाईने शेत करणारा, कृषी केंद्राच्या उधारीवर बियाणे आणणारा, बिनपरवाना सावकाराच्या चिठ्ठीवर जगणारा माणूस या व्याख्येत शेतकरीही ठरत नाही आणि कर्जबाजारीही. नियम कुणी दुष्टपणे केले आहेत असे मी म्हणत नाही. सरकारी पैशाला कुठेतरी रेघ ओढावी लागते. पण ती रेघ सातबाऱ्यावर ओढली जाते तेव्हा ‘शेतकरी म्हणजे जमिनीचा मालक’ हा एक सिद्धांत आपण मान्य केलेला असतो, आणि त्या विधवेशी बोलायला जाणाऱ्या समाजकार्यकर्त्याचे पहिले वाक्य सांत्वनाऐवजी “उतारा आहे का?” हे होते.

नर्मदेच्या काठी याहून मोठा दाखला आहे. १९७९ च्या नर्मदा पाणीवाटप लवादाच्या निवाड्यात सरदार सरोवर धरणात जमीन गेलेल्या विस्थापित कुटुंबाला किमान दोन हेक्टर जमीन देण्याची तरतूद झाली आणि प्रौढ मुलगा स्वतंत्र कुटुंब मानला गेला. त्या काळाच्या मानाने ही उदार तरतूद होती. पण त्याच घरातली प्रौढ मुलगी त्या निवाड्यात कुटुंब नव्हती. सातपुड्यातल्या समाजात मुलीच्या लग्नात वराकडून देज म्हणजे वधूमूल्य येते, मुलगी नवऱ्याशी पटले नाही तर माहेरी परतते, दुसरे घर करते. तिथे तिचे स्थान मैदानातल्या उच्चवर्णीय घरासारखे नाही. तरी निवाड्याच्या भाषेत ती वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावात विरून गेली. महाराष्ट्रातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतल्या तेहतीस गावांना हा निवाडा लागू झाला. टाटा संस्थेत समाजकार्य शिकलेल्या मेधा पाटकर या खोऱ्यात अभ्यासासाठी आल्या आणि आंदोलन उभे केले. त्या आंदोलनाविषयी कुणाचे मत काहीही असो, त्यांनी एक गोष्ट केली जी समाजकार्याच्या वर्गात शिकवली जात नाही: ‘पुनर्वसन कसे करावे’ हा हाती दिलेला प्रश्न बाजूला ठेवून ‘विस्थापन का करावे’ हा प्रश्न विचारला.

मग सर्व दृष्टींचे थोडे थोडे घेऊन काम करावे, असा तोडगा अनेक जण सुचवतात. तो ऐकायला शहाणपणाचा वाटतो आणि मला पटत नाही. कार्यकर्त्याकडे आठवड्याचे सहा दिवस असतात, एका दुचाकीचे पेट्रोल असते आणि अकरा महिन्यांचा करार असतो. तो सोमवारी समुपदेशन, मंगळवारी वर्गलढा आणि बुधवारी संस्कृतिजतन करू शकत नाही. त्याला क्रम लावावा लागतो, आणि क्रम लावणे म्हणजेच निवड करणे. माझा क्रम सांगतो. मूल लाल पट्टीवर असेल तर आधी मूल. त्या दिवशी ऊस आणि इतिहास दोन्ही थांबू शकतात. मूल वाचले की दुसऱ्याच दिवशी ऊस, कारण तसे न केल्यास तेच मूल किंवा त्याचे धाकटे भावंड पुढच्या होळीला त्याच पट्टीवर येणार. माझी तक्रार अशी की आपले बहुतेक काम पहिल्या दिवशीच संपते आणि दुसरा दिवस कधी उजाडत नाही.

डाकिणीच्या आरोपाचे प्रकरण घ्या. एखाद्या बाईला गाव डाकीण म्हणू लागले की विवेकवादी कार्यकर्ता २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा घेऊन पोलिसांत जातो. ते योग्य आहे. मार खाणाऱ्या बाईला आधी संरक्षण हवे, तिच्या गावाच्या श्रद्धांचा अभ्यास नंतर करता येईल. पण ती बाई पोलीस ठाण्यात राहू शकत नाही, तिला त्याच गावात परतायचे असते. तेव्हा आरोप तिच्यावरच का आला, ती विधवा आहे का, तिच्या वाट्याची जमीन कुणाला हवी आहे, आणि भगताला नाव कुणी सुचवले, हे विचारणारा दुसरा सिद्धांत लागतो. आणि भगताशी बोलता येईल असा तिसराही, जो त्याला केवळ भोंदू समजत नाही. वर्गात या तिघांचे भांडण लावून देणे सोपे असते. गावात त्यांना पाळीपाळीने कामाला लावावे लागते, आणि कोणाची पाळी कधी, हे ठरवण्याचे कसब शिकवणारा तास वेळापत्रकात नाही.

आपल्या अभ्यासक्रमाविषयीची माझी मुख्य तक्रार इथेच येते. २०१४ मध्ये समाजकार्याची आंतरराष्ट्रीय व्याख्या नव्याने स्वीकारली गेली तेव्हा तिच्यात समाजशास्त्रांच्या जोडीने आदिवासी व स्थानिक ज्ञानाचाही आधार म्हणून उल्लेख झाला. खानदेशातल्या महाविद्यालयांना यासाठी दूर जायचे नव्हते. १९१६ पासून अमळनेरला तत्त्वज्ञानाचे केंद्र आहे. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा रविवारी गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी ते उतरवून घेत होते. पुढे खानदेशात ‘सेवा’ या शब्दाला जो अर्थ आला त्यात या कारागृहाचा वाटा मोठा आहे. गुलाम महाराज, अंबरसिंग, शहाद्याच्या बायका या सगळ्यांचा समावेश ‘प्रादेशिक इतिहास’ या प्रकरणात दोन ओळींत होतो, आणि सिद्धांताच्या प्रश्नपत्रिकेत मात्र शिकागो आणि ब्राझील येतात. शिकागो यावे, ब्राझीलही यावे. ब्राझीलचे शिक्षणविचारवंत पाउलो फ्रेरे वाचल्याशिवाय शिबिर घेऊ नये असेच मी म्हणेन. पण ज्या मुलाचा आजा ‘आप’च्या आरतीला उभा राहिला त्याला वर्गात असे वाटता कामा नये की विचार बाहेरून येतो आणि आपल्याकडे फक्त समस्या पिकतात.

शब्दांकडेही बघावे. सरकार ज्याला ‘लाभार्थी’ म्हणते, पुस्तक ज्याला ‘सेवार्थी’ म्हणते आणि संघटना ज्याला ‘साथी’ म्हणते तो एकच माणूस असतो. पण लाभार्थ्याने रांगेत उभे राहायचे असते, सेवार्थ्याने ऐकून घ्यायचे असते आणि साथीने, निदान तत्त्वतः, उलट बोलायचे असते. मी अनेक संस्थांच्या बैठकांत बसलो आहे. उलट बोलणाऱ्या साथीलाही तिथे चहा शेवटी मिळतो.

अलीकडे एक नवा सिद्धांत आला आहे आणि तो कुठल्याच चौकोनात लिहिलेला नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले आणि गावोगाव प्रकल्प आले. पैसा आला हे वाईट नव्हे. पण त्या पैशाबरोबर वर्षाची मुदत, बेसलाइन म्हणजे सुरुवातीची पाहणी, आकडा आणि छायाचित्र ही चौकट आली, आणि जे बारा महिन्यांत मोजता येत नाही ते घडतच नाही असे मानले जाऊ लागले. ‘किती मातांचे प्रबोधन केले’ हे मोजता येते. ‘किती मुकादमांनी उचलीवरचे व्याज कमी केले’ हे मोजायला गेल्यास प्रकल्प पुढच्या वर्षी राहीलच याची खात्री नसते. त्यामुळे पहिल्या विद्यार्थ्याची नोंदवही संस्थांना आवडते. माझ्याकडूनही तिला दुसरीपेक्षा चार गुण जास्त मिळाले होते, हे कबूल करायला हवे. रकाने भरलेले होते ना.

तो पहिला विद्यार्थी पुढच्या सत्रात पुन्हा त्याच भिलाटीत गेला. त्याला मी एवढेच सांगितले होते की छापील नमुना भरच, पण शेवटी हाताने एक रकाना आख: गेल्या वर्षी घर किती महिने बंद होते, आणि कुठल्या तारखेपासून. सात घरांपैकी पाच घरे दिवाळीनंतर होळीपर्यंत बंद होती. त्या पाच घरांतली मुले अंगणवाडीच्या हजेरीपटात तेवढे महिने ‘गैरहजर’ होती, म्हणजे कागदोपत्री दोष त्यांचाच. ज्या संस्थेत त्याची नेमणूक होती तिने तो जादा रकाना नमुन्यात बसत नाही म्हणून परत केला. सेविकेने मात्र त्याची नक्कल मागून घेतली आणि आपल्या वहीच्या मागच्या पानावर निघण्याच्या तारखा लिहायला सुरुवात केली. त्या वर्षी टोळी निघण्याआधीच्या आठवड्यात पाचही घरांतल्या मुलांचे दंडघेर मोजून झाले, दोन मुले पिवळ्या पट्टीवर, म्हणजे लालच्या आधीच्या टप्प्यावर, सापडली आणि त्यांच्या आज्यांना मागे थांबवण्याविषयी बोलणी झाली. एक आजी थांबली, दुसरी थांबली नाही, कारण तिचाही कोयता उचलीत धरलेला होता. उचलीचा आकडा लिहायला सेविकेच्या वहीतही जागा नव्हती. तो तिने समासात, पेन्सिलीने लिहून ठेवला होता.